जमिनीपासून पाच मिलिमीटर

जर्मनीच्या मार्क राइनार्डने २००४, २००८ आणि २०१० अशा तीन वेळा ज्या शर्यतीचे विश्वविजेतेपद मिळवले, त्या शर्यतीतली गाडी दोन हातांत सहज उचलता येते. तिची रुंदी १९० मिलिमीटर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २६० मिलिमीटरच्या आसपास आणि बॅटरीसकट वजन साधारण १,३५० ग्रॅम. तिच्यात कोणी बसत नाही. चालवणारा ट्रॅकच्या कडेला उंच मंचावर ट्रान्समीटर घेऊन उभा असतो आणि सरळ पट्ट्यावर ताशी ६०-७० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तिथून, केवळ डोळ्यांच्या भरवशावर, वळणांतून काढत असतो. शर्यत पाच मिनिटांची. एक-दशांश प्रमाणातल्या विद्युत टुरिंग कारची ही दुनिया आहे, आणि शर्यतीसाठी ही गाडी कशी जुळवावी, हा या पुस्तकाचा विषय.

वाचकांनी या विषयाला आपला वेळ का द्यावा, हे आधी सांगायला हवे. या गाडीच्या चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असते. तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर, बदलता येणाऱ्या स्प्रिंगा, अँटी-रोल बार, डिफरन्शियल, मोटरची शक्ती चारही चाकांना पोचवणारे दातेरी पट्टे हे सारे तिच्यात आहे, आणि त्यातले जवळपास प्रत्येक माप मालकाला स्वतःच्या हाताने बदलता येते. पिंपरी-चाकणच्या परिसरात सस्पेन्शनवर काम करणारे कितीतरी मराठी अभियंते आहेत. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी स्वतःची गाडी बांधणारे विद्यार्थीही आहेत. कॅम्बर, टो, रोल सेंटर हे शब्द त्यांच्या रोजच्या कामातले. पण मोठ्या गाडीत रोल सेंटर बदलायचे तर नवे सुटे भाग आखावे आणि घडवून घ्यावे लागतात. इथे ॲलन की घेऊन दोन स्क्रू सैल करायचे, अर्ध्या मिलिमीटरची चकती घालायची आणि दहा मिनिटांत पुन्हा ट्रॅकवर जायचे. वाहनाच्या गतिशास्त्राचा इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक अनुभव दुसरीकडे मिळणे कठीण, असे मला मनापासून वाटते.

या छंदाचा उगम बहुतांशी जपानमधला. शिझुओका इथल्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ चे एक-द्वादशांश प्रमाणातले रेडिओ-नियंत्रित मॉडेल बाजारात आणले आणि या उद्योगाला मोठी गती मिळाली. टुरिंग कारचा वर्ग मात्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या बग्गीच्या यंत्रणेवर तामियाने रस्त्यावरच्या सेडान गाड्यांच्या बॉडी बसवल्या आणि ओळखीच्या गाड्यांची चारचाकी-चालनाची शर्यत पार्किंगच्या जागेतही भरवता येऊ लागली. १९९८ मध्ये इफमार या आंतरराष्ट्रीय महासंघाने या वर्गाची पहिली विश्वस्पर्धा घेतली. योकोमोसारख्या जपानी आणि एक्सरेसारख्या स्लोव्हाकियातल्या कंपन्यांनी पुढे हे यंत्र कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियममध्ये घडवून इतके बारीक केले, की आज त्याच्या एकेका भागात पंचवीस वर्षांचा वाद-विवाद साठलेला आहे. मोटरी ब्रशविरहित झाल्या, बॅटऱ्या निकेलवरून लिथियम-पॉलिमरवर आल्या. गाडीची मूळ मांडणी मात्र बरीचशी टिकून राहिली.

जुळणीच्या तपशिलात शिरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. खऱ्या गाडीचा चालक गाडीत बसलेला असतो. मागचे चाक सुटू लागले की ते त्याला पाठीला आणि कमरेला आधी कळते, डोळ्यांना नंतर. मंचावर उभ्या असलेल्या चालकाला यातले काहीच कळत नाही. गाडी घसरू लागली हे त्याला दिसते तेव्हा घसरणे सुरू होऊन गेलेले असते. म्हणून इथे चांगली जुळणी म्हणजे नुसती वेगवान जुळणी नव्हे. गाडी पुढच्या क्षणी काय करेल याचा अंदाज लांबून लागला पाहिजे. एका फेरीत विक्रमी वेळ देणारी आणि तिसऱ्या फेरीत गिरकी घेणारी गाडी पाच मिनिटांत हरते. पंधरा सेकंदांची फेरी धरली तर शर्यतीत वीस फेऱ्या होतात. फेरीमागे एक दशांश सेकंद वाचवला तर शेवटी दोन सेकंद हाती लागतात, आणि एका गिरकीत त्याहून जास्त जातात.

या क्षेत्राची एक परंपरा मला फार आवडते. मोठी स्पर्धा संपली की विजेत्या गाडीचा सेटअप कागद बहुधा प्रसिद्ध होतो. कुठल्या स्प्रिंगा होत्या, शॉकमध्ये किती जाडीचे तेल होते, कुठल्या चकत्या कुठे होत्या, हे सारे एका पानावर. इतर किती खेळांत विजेता आपली कृती अशी उघडी ठेवतो? नवख्याच्या हाती हा कागद पडला की तो साहजिकच मापे जशीच्या तशी उतरवतो, आणि गाडी चालत नाही तेव्हा गोंधळतो. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, की तो कागद एका विशिष्ट ट्रॅकने, विशिष्ट टायरांवर, विशिष्ट तापमानाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे असतो. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमला ब्रुनो कोएल्यो या चालकाने एक्सरेच्या गाडीवर विश्वविजेतेपद मिळवले. त्या डांबरी ट्रॅकची उत्तरे युरोपातल्या बंदिस्त सभागृहात अंथरलेल्या गालिच्यावर लागू पडतीलच असे नाही. गालिच्यावर पकड इतकी जास्त असते, की गाडी घसरण्याऐवजी वळणात उलटते. तिथे प्रश्नच वेगळा, म्हणून उत्तरही वेगळे. प्रश्न ओळखायला शिकवणे हाच या पुस्तकाचा खरा हेतू आहे. मापे तर कुठेही मिळतात.

तर सुरुवात कुठून करावी? माझे स्पष्ट मत आहे, की सममितीपासून. खुर्चीचा एक पाय आखूड असला तर ती कितीही महाग असो, डुगडुगणारच. गाडीच्या चॅसीला सूक्ष्मसा पीळ बसला, की तिच्या दोन पुढच्या चाकांवर सारखा भार येत नाही आणि ती उजव्या वळणात एक वागते, डाव्या वळणात दुसरी. समोरून धडक बसली की हा पीळ हमखास येतो. वरच्या पट्टीचे स्क्रू सैल करून, गाडी जाड काचेच्या सपाट फळीवर हलकेच दाबून धरून, स्क्रू पुन्हा क्रमाने घट्ट केले की तो बहुतेक वेळा निघून जातो. दोन्ही बाजूंचे शॉक सारख्या लांबीचे आहेत का, टर्नबकल सारख्या मापाचे आहेत का, चाके मोकळी फिरतात का, हे तपासायला एक व्हर्नियर कॅलिपर आणि एक निवांत संध्याकाळ पुरते. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात, आणि मग स्प्रिंगा बदलत बसतात.

त्यानंतर टायर. गाडी जमिनीला स्पर्श करते ती फक्त चार छोट्या रबरी पट्ट्यांनी. बाकी सारी यंत्रणा या चार पट्ट्यांवर कधी किती भार द्यायचा एवढेच ठरवते. म्हणूनच बहुतेक गंभीर स्पर्धांत सर्वांना एकाच जातीचा टायर सक्तीचा असतो. तोच टायर शर्यतीआधी कसा पुसला, पकड वाढवणारे द्रावण किती रुंदीला आणि किती वेळ लावले, टायर-वॉर्मरमध्ये किती तापवला, यावर गाडीचा स्वभाव पालटतो. पुढच्या टायरला द्रावण अर्ध्याच रुंदीला लावून स्टिअरिंगचा हिंस्रपणा कमी करणे ही जुनी आणि परिणामकारक युक्ती आहे. धावून आलेल्या टायरची झीज पाहायची सवय मात्र तुम्ही पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. टायर आतल्या कडेने जास्त झिजला असेल तर उणे कॅम्बर जास्त झाला आहे. बाहेरच्या कडेने झिजला तर कमी पडला आहे. साधारण एक ते दोन अंश उणे कॅम्बरच्या आत बहुतेक गाड्यांचे समाधान होते, कारण वळणात बॉडी बाहेरच्या बाजूला कलते आणि आत झुकवलेले चाक त्या क्षणी जमिनीला सपाट टेकते.

मग उंची. डांबरी ट्रॅकवर चॅसीचा तळ जमिनीपासून पाच मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. त्याहून खाली गेले तर तळ घासतो, आणि अनेक स्पर्धांत किमान उंचीचा नियमही आड येतो. उंचीइतकेच महत्त्वाचे, आणि नवख्यांना सर्वांत कमी कळणारे माप म्हणजे ड्रूप, अर्थात चाक मोकळे सोडले तर ते किती खाली लटकू शकते. हे माप नीट समजून घेण्यासाठी वाचकांनी थोडा वेळ द्यावा, अशी माझी विनंती आहे. थ्रॉटल सोडला की भार पुढे जातो आणि गाडीचा मागचा भाग वर उठतो. मागचा ड्रूप जास्त असेल तर तो अधिक उठू शकतो, पुढच्या टायरांवर भार अधिक येतो आणि गाडी वळणात चपळाईने शिरते. ड्रूप कमी केला तर मागचा भाग लवकर अडतो, आणि गाडी शांत राहते. स्प्रिंगेला हात न लावता, एक छोटासा स्क्रू अर्धा फेरा फिरवून हे घडते. भाराची ही ये-जा डोळ्यांसमोर आणता आली, की अर्धा विषय समजला असे म्हणायला हरकत नाही.

स्प्रिंगांचा नियम त्यामानाने सरळ आहे. ज्या टोकाला पकड वाढवायची ते टोक मऊ करावे. मागून घसरणाऱ्या गाडीला मागे मऊ स्प्रिंग किंवा पातळ अँटी-रोल बार. वळणात न वळता बाहेर सरकणाऱ्या गाडीला तोच उपाय पुढे. शॉकमधले सिलिकॉन तेल कलण्याचा वेग ठरवते. टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोके आत वळवणे, मागच्या चाकांना दोन ते तीन अंश असतो. तो वाढवला तर गाडी स्थिर होते आणि सरळ पट्ट्यावर थोडी मंदावते. गालिच्यावर उलटणाऱ्या गाडीला सस्पेन्शनच्या आतल्या टेकूंखाली चकत्या घालून रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, वर नेला, की ती कमी कलते आणि उलटायची थांबते. पुढे डिफरन्शियलऐवजी दोन्ही चाके एकत्र बांधणारा स्पूल आणि मागे घट्ट तेल भरलेला गिअर-डिफ ही आजची रूढ जोडी आहे. तिची कारणे पुढे स्वतंत्र प्रकरणात आली आहेत.

गिअरिंगबद्दल इथे थोडेच. स्पर गिअरचे दात पिनियनच्या, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरच्या, दातांनी भागायचे आणि गाडीच्या अंतर्गत गुणोत्तराने गुणायचे. ९६ आणि ४८ दात, अंतर्गत गुणोत्तर १.९, म्हणजे ३.८. मोटर ३.८ वेळा फिरली की चाक एकदा फिरते. चाकाचा व्यास ६३ मिलिमीटर धरला तर मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला गाडी सुमारे ५२ मिलिमीटर पुढे जाते. मोठा पिनियन लावला की सरळ पट्ट्यावरचा वेग वाढतो आणि मोटर तापते. शर्यत संपताच मोटरचे तापमान मोजून ते कागदावर टिपावे. ज्या वर्गात मोटर ठरलेल्या टर्नची, म्हणजे १७.५ किंवा २१.५ ची असते, आणि स्पीड कंट्रोलरने टायमिंग देण्यास मनाई असते, तिथे हा आकडा विशेष मोलाचा. अशा वर्गात कंट्रोलरचा दिवा लुकलुकत राहतो, त्यावरून निरीक्षकांना खात्री पटते.

नवीन वाचकांना पहिली गाडी म्हणून मी स्पर्धेची महागडी गाडी सुचवणार नाही. २०१३ मध्ये आलेल्या तामियाच्या टीटी-०२ सारखी प्लास्टिकच्या चॅसीची, शाफ्टने चालणारी साधी गाडी घ्यावी. तिच्यात बदलण्यासारखे थोडेच आहे, आणि म्हणूनच जे बदलाल त्याचा परिणाम स्वच्छ दिसतो. माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापांनी गाडी बांधा आणि सलग दहा फेऱ्या भिंतीला न लागता काढता येईपर्यंत तिला हात लावू नका. हात आधी सरावला पाहिजे, कारण प्रत्येक फेरी वेगळी निघत असेल तर गाडी बदलली की चालवणे बदलले हे कुणालाही सांगता येणार नाही.

त्यानंतर वळणाचे तीन तुकडे करून पाहायला शिका: थ्रॉटल सोडून आत शिरणे, मध्य, आणि थ्रॉटल देऊन बाहेर पडणे. “गाडी वळत नाही” ही तक्रार पुरेशी नाही. शिरताना वळत नाही की बाहेर पडताना, हे सांगता आले तरच उपाय शोधता येतो, कारण पहिल्यात भार पुढे असतो आणि दुसऱ्यात मागे. मंचावरून खाली आलात की अनुभवी चालकांना विचारा. ट्रॅकवरची माणसे सहसा मदत करायला उत्सुक असतात, आणि त्यांचा पहिला प्रश्नही बहुधा हाच असतो, की वळणाच्या कुठल्या भागात.

पुढचे पहिले प्रकरण टायरांचे आहे. ते उघडण्याआधी आपली गाडी सपाट काचेवर ठेवा, तिची आजची सगळी मापे घ्या आणि कोऱ्या सेटअप कागदावर तारीख, ट्रॅक आणि हवेचे तापमान यांसह लिहून काढा. पुढे प्रत्येक बदल त्याच कागदावर, एका वेळी एकच, असा नोंदवत जायचा आहे.