वृषणाची दोन कार्ये आणि पौरुषाची कल्पना

मराठीत अपत्यहीन स्त्रीला ‘वांझ’ हा शब्द सहज लावला जातो. पुरुषासाठी ‘नपुंसक’ हा शब्द वापरला जातो खरा. परंतु त्यात कामक्षमता आणि जननक्षमता या दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ झालेली असते. वृषण हा एकच अवयव दोन स्वतंत्र कार्ये करतो, हे शास्त्रालाही सावकाशच उमगले.

१६६८ मध्ये डच वैद्य रेनिअर द ग्राफ याने वृषण हा एकजीव गोळा नसून सूक्ष्म नलिकांचा गुंता आहे, असे दाखवून दिले. १६७७ मध्ये लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतूंचे निरीक्षण केले. ते वृषणातील पेशींपासूनच निर्माण होतात, हे मात्र १८४१ मध्ये कोलिकरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. शुक्रजंतू अधिवृषणात परिपक्व होऊन रेतवाहिनीतून पुढे जातात. रेताचा बहुतांश द्रव शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथी यांतून येतो.

दुसऱ्या कार्याचा शोध वेगळ्या वाटेने लागला. १८४९ मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथे बर्टहोल्डने खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या उदरात वृषणाचे रोपण केले. मूळचे मज्जातंतू तुटलेले असूनही त्यांचा तुरा आणि आरवणे टिकून राहिले. अर्थात प्रभाव रक्तावाटे पोहोचत होता. १८५० मध्ये लायडिगने नलिकांमधील जागेतल्या पेशींचे वर्णन केले. रेतवाहिनी बांधल्यावर नलिका क्षीण झाल्या तरी या पेशी टिकतात, या निरीक्षणावरून बुअँ व अँसेल यांनी १९०३ मध्ये नरलक्षणांचा संबंध त्यांच्याशी जोडला. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वेगळे काढण्यात आले.

नसबंदीचे तत्त्व या भेदावरच उभे आहे. तीत शुक्रजंतूंचा मार्ग बंद होतो; संप्रेरक रक्तात मिसळतच राहते. त्यामुळे पौरुषाला बाध येत नाही.

हे ज्ञान समाजात रुजवणे सोपे नव्हते. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढणारे र. धों. कर्वे यांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लेखनाबद्दल न्यायालयात उभे राहावे लागले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. १९५२ मध्ये शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. १९७१ मध्ये केरळातील एर्नाकुलमच्या शिबिरात सुमारे ६३ हजार पुरुषांनी शस्त्रक्रिया करून घेतली. आणीबाणीतील सक्तीने मात्र या शस्त्रक्रियेच्या नावालाच भीती चिकटली.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले. वास्तविक पुरुषांवरील शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची आहे. शास्त्राने वेगळी केलेली दोन कार्ये लोकमानसात अद्याप एकच राहिली आहेत, आणि त्या अज्ञानाचा भार स्त्रीचे शरीर वाहत आहे, असेच या इतिहासावरून म्हणावे लागते.