मिठाचा कर आणि तोफेचा गोळा

लहानपणी सुट्टीत देवळालीजवळ आजोळी गेलो की तोफखान्याच्या सरावाचे आवाज ऐकू यायचे. खिडकीची तावदानं थरथरायची. नानी भाकरी थापता थापता म्हणायची, “एकेका गोळ्याला किती पैसे लागत असतील रे?” आम्ही पोरं हसायचो. पुढे बी.ए.ला इतिहास घेतला आणि कळलं, की लढाईच्या खर्चाचा हाच प्रश्न गोपाळ कृष्ण गोखल्यांनी थेट सरकारला विचारला होता.

गोखले उदारमतवादी. व्यक्तीचं स्वातंत्र्य, कायद्याचं राज्य आणि लोकांना जबाबदार असलेलं सरकार, ही त्या विचाराची सूत्रं. त्यातूनच शांततेची एक आशा जन्मली होती. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानं १७९५ मध्ये मांडलं, की युद्धाची झळ ज्यांना सोसायची, त्यांचीच संमती लागत असेल तर ती माणसं युद्धाला सहजी होकार देणार नाहीत.

विचार साधा आणि पटणारा. मग गडबड कुठे झाली?

इंग्लंडचे ग्लॅडस्टन हे उदारमतवाद्यांचं दैवत. हिंदुस्थानच्या सरहद्दीपलीकडच्या स्वारीसाठी इथला महसूल पार्लमेंटच्या संमतीशिवाय वापरू नये, असं कलम १८५८ च्या कायद्यात आलं, ते त्यांच्याच आग्रहानं. १८७९ मध्ये अफगाण युद्धाविरुद्ध त्यांनी सभा गाजवल्या. पुढच्याच वर्षी ते पंतप्रधान झाले आणि १८८२ मध्ये त्यांच्याच सरकारच्या आरमारानं अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. जॉन ब्राइट यांनी निषेध म्हणून मंत्रिपद सोडलं. पण युद्ध थांबलं नाही. इजिप्तमध्ये हिंदी पलटणी उतरल्या. पार्लमेंटनं रीतसर संमती दिली आणि हिंदी फौजेच्या खर्चाचा बराच भार आपल्या तिजोरीवर पडला.

मेख इथेच होती. संमती लंडनची, पैसा हिंदुस्थानचा. पैसे देणाऱ्याला मत नव्हतं, आणि मत असणाऱ्याला झळ नव्हती.

गोखल्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी वाढत्या लष्करी खर्चावर आक्षेप घेतला. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, अंदाजपत्रकावर ते बोलले. तिजोरीत शिल्लक आहे, मग गरिबाच्या मिठावर कर कशाला, असा त्यांचा सवाल होता. तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक. लष्करी खर्चाची चाल मात्र त्यांना रोखता आली नाही.

गोखल्यांना नेमस्त म्हणून हिणवलं गेलं. पण त्यांनी उदारमतवादाला त्याचाच आरसा दाखवला. घरात उदार असणारं राज्य दारात शांत असेलच असं नाही. ज्याचा पैसा आणि ज्याचा मुलगा रणात जातो, त्याला विचारलं तरच त्या तत्त्वाला अर्थ.

श्रोतेहो, आज मत आपल्या हाती आहे आणि खर्चही आपलाच आहे. कांटची अट आपल्यापुरती पुरी झाली आहे. देशाचं रक्षण हवंच, आणि सीमेवरच्या जवानाचं ऋण मोठंच. पण युद्धाची भाषा ऐकली की टाळी वाजवण्याआधी हिशेब विचारायचा अधिकार आता आपल्याला आहे. गोखल्यांना तो मागावा लागला होता.

नानी शाळेत गेली नव्हती. पण प्रश्न तिचा बरोबर होता.