कवठ आपटून बघावं

परवा पुण्याहून सूनबाईचा व्हिडिओ कॉल आला. ओट्यावर अस्वलाच्या आकाराचे रबरी साचे मांडलेले, पातेल्यात पेरूचा गर. "आई, हा फळाला तोंड लावत नाही, म्हणून घरीच गमीज करतेय. जिलेटिन नको, म्हणून चायना ग्रास घातलंय."

"पेरू जरा कच्चट घेतला असतास तर तेही लागलं नसतं," मी म्हटलं. तिला ती थट्टा वाटली.

माझं माहेर परळीजवळ, बालाघाटाच्या कडेला. महाशिवरात्रीला आजी वैद्यनाथाला जायची आणि येताना लुगड्याच्या ओच्यात कवठं घेऊन यायची. घरी आल्यावर एकेक कवठ ढोपराएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडायची. उसळलं की कच्चं, थप्पकन बसलं की पिकलं. चार पिकल्यांत एक उसळणारं मुद्दाम ठेवायची. "आजी, कच्चं कशाला घ्यायलीस?" "नुसतं पिकलेलं ताटात बसत नाही, बाळे. वाहतं."

वाहतं का, हे मला बीएड झाल्यावर कधीतरी कळलं. फळातला चिकट पदार्थ म्हणजे पेक्टिन. फ्रेंच रसायनज्ञ हेन्री ब्राकोनो यांनी 1825 मध्ये त्याला हे नाव दिलं. फळ पिकत जातं तसं ते मोडत जातं, म्हणून कच्चट फळात त्याचा जोर जास्त. त्याला आंबटपणा आणि भरपूर गोड मिळालं की रस गोठतो. कवठाला आंबटपणा उपजतच. आजी गर पाण्यात उकळायची, पंच्यातून गाळायची, मापाला माप गूळ घालून आटवायची. पळीवरून थेंब सुटे न पडता एकत्र जुळून ओघळले की कढई खाली. मग तूप लावलेली परात. सकाळी त्या काळपट वडीवर बोट दाबलं तर ती दबायची आणि सोडलं की पुन्हा वर यायची. आम्ही खाण्याआधी दाबूनच अर्ध्या खराब करायचो.

जर्मनीत बॉनला हान्स रीगेल यांनी 1922 मध्ये गमीचं अस्वल काढलं. आज तशा गोळ्यांत जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. आमचा बीड जिल्हा तेव्हा मोगलाईत होता, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडेच. आजीच्या स्वयंपाकघरात या अस्वलाची बातमी पोचण्याचं कारण नव्हतं. तिनं वडी पौष्टिक म्हणूनही केली नाही. कवठं बांधावरची, फुकटची. ठेवली तर सडतात आणि पोरं गोडासाठी रडतात, एवढाच हिशेब. तेव्हा "आमच्याकडे सगळं आधीच होतं" असला टेंभा मी मिरवणार नाही. गूळ दातांना साखरेइतकाच चिकटतो, माझ्या दोन दाढा साक्षीला आहेत.

बाकीचं खाणं ऋतूनं वाटून दिलेलं. संक्रांतीनंतर धाकट्याचं बोरन्हाण. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले की आम्ही मोठी पोरं अंगणात लोळण घ्यायचो. मग गाभुळलेली चिंच. ती मीठ, जिरं, गुळाबरोबर पाट्यावर ठेचून काडीला लावायची. 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर सुकडी मिळायची. तिच्यातही मी चिंच कालवून खाल्ल्याचं आठवतं.

बीडचं सीताफळ तेवढं या कढईत कधी गेलं नाही. त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मीही हुरूप येऊन दीड किलो गर गुळात आटवला. सगळा कडूजहर झाला. सीताफळाचा गर तापला की कडवटतो. आमच्याकडे डोळे उघडलेलं फळ झाडावरून काढून भुशात ठेवतात, मऊ झालं की नुसतं खातात. बिया मात्र मोजून थुंकायच्या, त्या विषारी.

मी शिकवायचे त्या शाळेत दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे व्हायचे. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे निघायची, ट्रकवर लेकरं आणि लेकरांच्या गाठोड्यात सीताफळं. संक्रांतीची बोरं, शिवरात्रीचं कवठ, सगळं फडावर असतानाच निघून जायचं. कढईपाशी बसून आटवायला बाई गावात हवी ना! चैत्रात ती परतायची तेव्हा कवठं सरलेली आणि विहिरीही. पुढे रस्ता रुंद झाला आणि आमच्या बांधावरचं झाडही गेलं.

यंदा शिवरात्रीला नातू अंबाजोगाईला माझ्याकडे होता. बाजारातून पाच कवठं आणली, त्याला एकेक सोडायला लावलं. चार थप्पकन बसली. पाचवं टाइल्सवरून उसळून दिवाणाखाली गेलं. तो पोटावर सरपटत गेला, बाहेर काढून म्हणाला, "हे खराब आहे, टाकू?"

"दे इकडे," मी म्हटलं आणि तेच आधी फोडलं.