आरशाकडे पाठ करून

नागोया, १९२५ सालचा ऑक्टोबर. उजाडायला थोडा अवकाश आहे. या तासाभरापुरत्या तुम्ही विशीतल्या बाई आहात (पुरुष वाचकांनीही एवढं चालवून घ्यावं). काल रात्री या घरी पाहुण्या म्हणून उतरलात आणि आता तातामीच्या चटईवर, अंगात नुसतं पातळ सुती वस्त्र, कुडकुडत उभ्या आहात. कोळशाची शेगडी आहे खोलीत, पण तिची ऊब जेमतेम हातांपुरती. लांबून पहिल्या ट्रामचा आवाज येतो.

"आधी मोजे," ओबासान म्हणतात. घरच्या मालकीणबाईंना गल्लीतली सगळी मंडळी ओबासानच म्हणतात.

मोजे म्हणजे ताबी : पांढरे, सुती, अंगठ्याचा कप्पा वेगळा. घोट्याच्या आतल्या बाजूला धातूच्या चपट्या आकड्या एकेक करून अडकवायच्या. एकदा कमरेला ओबी, म्हणजे रुंद पट्टा, आवळला की खाली वाकणं जमत नाही, म्हणून सुरुवात पायांपासून.

मग जुबान, आतला लांब झगा. त्याच्या गळपट्टीवर पांढरी कापडी पट्टी टाचलेली आहे. मळते तेवढी हीच, म्हणून उसवून वेगळी धुता येते. गळपट्टी मागे ओढून मानेपासून मूठभर लांब ठेवायची. तुम्ही ती सवयीने मानेला चिकटवता. ओबासान मागून येऊन एका हिसक्यात खाली खेचतात. पुढून सगळं झाकलेलं आणि मानेचा मागचा भाग तेवढा उघडा, अशी इथली रीत.

आता किमोनो. मेइसेन नावाच्या रेशमाचा आहे. स्वस्त, चुरचुरीत, ठसठशीत नक्षीचा. सध्या शहरातल्या तरुण मुलींना याचंच वेड आहे. ऑक्टोबर लागला म्हणून आतून अस्तर, तेही लालभडक. अंगावर घेण्याआधी शिवण नीट बघून घ्या. सुमारे छत्तीस सेंटिमीटर पन्ह्याचा, बारा मीटर लांबीचा एक तागा. त्याचे सरळ आठ तुकडे. गळ्याला गोलाई नाही, बगलेत कातर नाही, कमरेला चूण नाही. खास धुलाईच्या वेळी सगळी शिवण उसवायची, तुकडे जोडून पुन्हा तागा करायचा, धुऊन, खळ देऊन ताणून वाळवायचा आणि परत शिवायचा. शिंप्याने तुमच्या अंगाचा असा विचारच केलेला नाही. तो रोज सकाळी तुम्हीच करायचा, दोऱ्या आणि बोटं वापरून. नऊवारीच्या घरात वाढलेल्या बाईला हे चटकन कळेल. ब्लाउजचं माप देऊन मोकळ्या होणाऱ्या आपल्या पिढीला जरा वेळ लागतो.

उजवी बाजू आत, डावी तिच्यावर. हा नियम दरबारी हुकमाने ७१९ साली सगळ्या प्रजेला लागू झाला. उलटं नेसवतात ते फक्त मेलेल्या माणसाला. तुम्ही गोंधळून उजवी वर घेता तेव्हा ओबासान हसत नाहीत, झटकन हात धरतात.

किमोनो तुमच्या उंचीइतका लांब आहे, म्हणजे खांद्यावरून सोडला तर जमिनीवर लोळणारच. तो वर उचलायचा, काठ घोट्यापाशी आणायचा आणि कमरेला दोरी बांधायची. "हीच एक घट्ट. बाकीच्या नुसत्या धरून ठेवायला." उरलेलं कापड दोरीवरून खाली झोळीसारखं लोंबतं. ते सारखं करायला हात कुठून घालायचा? बाहीखाली, कुशीशी एक फट ठेवलेली असते. दोन्ही हात दोन फटींतून आत जातात, तळवे उभे करून पुढे-मागे कापड दाबत नेतात आणि कमरेवर घडी बसते. इतका वेळ ती फट तुम्हाला उसवलेली शिवण वाटत होती.

घडी बसल्यावर तुम्ही सुरकुत्या काढत बसता. एक छातीवर, दोन कमरेशी. ओबासान हातावर चापट मारतात. "बाहुली आहेस का दुकानातली?"

त्यांचं बरोबर आहे. किमोनो म्हणजे ताठ, घोटून बसवलेला, श्वास रोखून मिरवायचा, हे चित्र पुढच्या काळातलं आहे. आज या गल्लीत बायका याच कपड्यात भात शिजवतात, पोर पाठीला बांधतात, ट्राम पकडतात. याच वर्षी मे महिन्यात अभ्यासक कोन वाजिरो यांनी तोक्योच्या गिन्झा भागात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे मोजले : शंभरातल्या नव्व्याण्णव बायका जपानी पोशाखात. पुरुष मात्र तिघांतले दोन केव्हाच कोट-पँटमध्ये शिरलेले. पुढे युद्ध येईल, बायका मोंपे नावाच्या विजारी चढवतील. युद्ध संपल्यावर पेटीतले रेशमी किमोनो खेड्यात नेऊन तांदळावर देतील. मग आया मुलींना किमोनो नेसायला शिकवायच्या राहतील आणि १९६०च्या दशकात ही विद्या फी घेऊन शिकवणाऱ्या शाळा फोफावतील. सुरकुतीचा धाक तिथे पक्का होईल, असं माझं मत आहे. जो कपडा वर्षातून एकदाच बाहेर निघतो, तो चुरगळलेला कसा चालेल?

आता ओबी. सणासमारंभाचा मारू ओबी चार मीटरहून लांब आणि सबंध लांबीभर जाड, दुहेरी. तो एकटीने बांधणं म्हणजे झटापटच. ओबासानच्या हातात मात्र नव्या तऱ्हेचा आहे. याच शहरात मुलींची शाळा काढणाऱ्या कोशिहारा हारुको यांनी ही युक्ती काढली : कमरेभोवती जाणारा भाग आधीच निम्म्यात दुमडून शिवून टाकायचा, पाठीवरचा तेवढा पूर्ण रुंद ठेवायचा. सकाळची घाई असलेल्या बाईचं हे डोकं. १९४६ साली जपानी बायका पहिल्यांदा मतदान करतील तेव्हा संसदेत निवडून जाणाऱ्या ३९ जणींत याही असतील. पुढच्या काळात या 'नागोया ओबी'ला लोक परंपरा म्हणून हात जोडतील.

अरुंद टोक डाव्या खांद्यावर टाका. दोन वेढे, दर वेढ्याला खालची कड धरून ओढ. मग आरशाकडे पाठ. मागे काहीच दिसत नाही. बोटांनीच गाठ शोधायची, छोटी उशी तिच्यावर बसवायची, रुंद पदर उशीवरून खाली सोडून पुन्हा आत दुमडायचा, की पाठीवर चौकोनी फुगा होतो. अरुंद टोक त्यातून आरपार आणि वरून विणलेली गोल दोरी पुढे आणून गाठ. तुमचा फुगा डावीकडे कललाय. खांदे भरून आलेत.

ओबासान एकदा बघतात, कललेला तसाच राहू देतात. बाह्या मागे बांधायला एक लांब दोरी तुमच्या गळ्यात टाकतात आणि बादली पुढे करतात.

"व्हरांडा पुसून घे. सुटलं तर कुठे सुटलं ते कळेल."