तीन 'काय', एक देश

क्रोएशियातील तिन्ही बोलींची नावे 'काय' या अर्थाच्या शब्दावरून पडली आहेत. किनारपट्टीत व बेटांवर 'चा', झाग्रेबच्या परिसरात मराठी कानाला ओळखीचा वाटणारा 'काय', तर स्लावोनियापासून दुब्रोवनिकपर्यंत 'श्तो'. व्हेनिसच्या सत्तेने चाकावीत इटालियन शब्द रुजवले, हाब्सबुर्ग राजवटीने कायकावीत जर्मन. १५२१ साली छापलेले मारुलिचचे 'युदिता' हे महाकाव्य चाकावीतले. पुढे दक्षिण स्लावांच्या ऐक्यासाठी ल्युदेवित गायने १८३६ मध्ये आपले वृत्तपत्र सर्बांनाही जवळच्या असलेल्या श्तोकावीत आणले. तो स्वतः मात्र कायकावी प्रदेशातला होता. बरोबर शंभर वर्षांनी, १९३६ मध्ये, क्र्लेझाने पेत्रित्सा केरेम्पुहच्या बॅलड्स कायकावीतच प्रसिद्ध केल्या. ऐक्यासाठी मागे ठेवलेल्या बोलीतच रयतेच्या शतकानुशतकांच्या दुःखाला वाचा फुटली. प्रमाणभाषा देश जोडते. प्रदेशाची स्मृती मात्र बोली जपते.