पेरीच्या शेताची मोजणी

18 जुलै 1817 या तारखेचे एक टिपण उपलब्ध आहे. अक्षर टॉमस जेफरसनचे. टिपणात वाक्ये थोडी आणि खुणेची अक्षरे फार. थिओडोलाइट, म्हणजे मोजणीची दुर्बीण, जिथे रोवला त्या जागेला त्याने ‘अ’ असे पहिले अक्षर दिले आहे. हा उत्तरेकडच्या चौकाचा मध्यबिंदू, आणि तो पुढे एखाद्या मुख्य इमारतीसाठी राखायचा, असे त्याने लिहून ठेवले आहे. तिथून दक्षिणेकडे जमीन किती उतरते त्याचे आकडे येतात. प्रत्येक चौक आपापल्या जागी सपाट करायचा आणि चौकांच्या कडांना प्राध्यापकांची घरे बांधायची, हेही त्यात आहे. घरांच्या जागाही अक्षरांच्या जोड्यांनीच दाखवल्या आहेत.

जागा व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल गावाबाहेरची. मोजणी करणारा 74 वर्षांचा, अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष. तरी मोजणी हे त्याचे हौसेचे काम नव्हते. त्याचे वडील पीटर जेफरसन पेशाने सर्व्हेअर होते, जोशुआ फ्राय यांच्याबरोबर त्यांनी व्हर्जिनियाचा नकाशा तयार केला होता. जेफरसन स्वतःही तरुणपणी आल्बेमार्ल परगण्याचा नेमलेला सर्व्हेअर होता. लंडनच्या जेसी रॅम्स्डेनने बनवलेला थिओडोलाइट त्याच्या संग्रही होता. हे टिपण त्याने स्वतःच्या कामासाठी केले, इतर कुणाला काही पटवून द्यायला नव्हे. म्हणूनच त्याचा भरवसा जास्त वाटतो.

याच कामाचे दुसरे वर्णन अगदी वेगळ्या घरातून येते. एडमंड बेकन हा मॉन्टिसेलो या जेफरसनच्या मळ्यावरचा कारभारी. म्हातारपणी केंटकीत राहत असताना त्याने हॅमिल्टन पिअरसन यांना आपल्या आठवणी सांगितल्या आणि 1862 मध्ये त्या पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. बेकन सांगतो की दहा धडधाकट माणसे कामाला मिळवण्याचा त्याला हुकूम होता आणि ती त्याने मिळवली. मग जेफरसन, बेकन आणि डिन्समोर नावाचा आयरिश सुतार असे तिघे निघाले. वाटेत गावात डेव्ही आयझॅक्सच्या दुकानातून बेकनने सुतळीचा गुंडा घेतला. डिन्समोरने छपरावर घालायच्या लाकडी फळ्या शोधून त्यांच्या खुंट्या तासल्या. शेतावर पोचल्यावर जेफरसनने बराच वेळ जमीन न्याहाळली आणि पहिली खुंटी स्वतः ठोकली. दोरी कुठवर न्यायची ते त्याने बेकनला दाखवले, दुसरी खुंटी बेकनने ठोकली. दोरीचे एक टोक जेफरसनच्या हातात, दुसरे बेकनच्या. खिशात कायम असणारी छोटी मोजपट्टी काढून जेफरसनने सारा पाया आखला आणि माणसांना कामाला लावले. ती पट्टी अजून आपल्यापाशी आहे, असेही बेकन सांगतो.

एका कागदात थिओडोलाइट आहे, दुसऱ्यात सुतळीचा गुंडा. खरे कोणते?

घाईने निकाल देण्याची गरज नाही. थिओडोलाइटचे काम दिशा आणि उतार ठरवण्याचे, म्हणजे अख्ख्या आवाराचा कणा कुठून कुठे जाणार ते पाहण्याचे. पायाचे चर मात्र दुर्बिणीतून खणता येत नाहीत. कुदळ मारणाऱ्याला जमिनीवर ताणलेली दोरी लागते. टिपणात पहिले काम आहे, आठवणीत दुसरे. बेकनने नक्की चूक केली आहे ती एका शब्दात. तो ‘युनिव्हर्सिटीचा पाया’ म्हणतो. 1817 च्या उन्हाळ्यात युनिव्हर्सिटी नव्हती. होते ते सेंट्रल कॉलेज, आणि तेही कागदावर. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मागे वळून पाहणाऱ्या माणसाने पुढे मिळालेले नाव मागच्या प्रसंगाला चिकटवले, हे समजण्यासारखे आहे. सुतळी कुठल्या दुकानातून घेतली, असले बारकावे मात्र माणूस सहसा रचून सांगत नाही.

आता जमिनीकडे. ती जॉन पेरीची. पेरी सुतारकामाचा ठेकेदार. हे सारे रान पूर्वी जेम्स मन्रो याच्या मालकीच्या शेतीचा भाग होते, आणि 1817 मध्ये मन्रो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आणि या कॉलेजचा विश्वस्त, दोन्ही होता. जेफरसन आणि जेम्स मॅडिसन धरून विश्वस्त सहा. एप्रिलच्या 8 तारखेला बोलावलेल्या सभेला गणसंख्या भरली नाही. 5 मे रोजी सभा झाली ती चौघांच्या उपस्थितीत, आणि त्यांतले तिघे म्हणजे एक विद्यमान व दोन माजी राष्ट्राध्यक्ष. पेरीशी आधीच ठरलेल्या सौद्याला या सभेने मान्यता दिली. पेरीनेही आपली बाजू राखली. जमीन द्यायची तर तिच्यावरच्या इमारतीचे लाकूडकाम आपल्याला मिळावे, ही त्याची अट होती आणि ती मान्य झाली.

खरेदीखत 23 जून 1817 चे. त्यात दोन तुकडे आहेत. एक 43¾ एकरांचा, जिथे कॉलेज उभे राहायचे होते. दुसरा 153 एकरांचा, थोडा दूरचा, त्यात एक टेकडी. एकूण 196¾ एकर. त्या काळी व्हर्जिनियात जमिनीचे वर्णन करण्याची रीत अशी की एका कोपऱ्यावरच्या खुणेपासून निघायचे, होकायंत्राने दिशा घ्यायची, पोल नावाच्या साडेसोळा फुटी मापात अंतर मोजत पुढच्या खुणेपर्यंत जायचे, आणि फिरून पहिल्या खुणेवर परत यायचे. खूण म्हणजे बहुतेक वेळा झाड. असे चार पोल म्हणजे 66 फुटांची गुंटरची साखळी. मुंबई इलाख्याच्या पैमाशीत पुढे तिच्या निम्मी, 33 फुटांची साखळी वापरली गेली आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद तुकडा म्हणजे आपला गुंठा. त्या हिशेबाने पेरीचा पहिला तुकडा 43 एकर 30 गुंठे भरतो.

हा आकडा लक्षात ठेवायचा, कारण पुढच्याच वर्षी एका सरकारी अहवालात तो बदलतो.

त्याआधी आराखड्याचे काय झाले ते पाहू. खरेदीखत होण्याच्या अकरा दिवस आधी, 12 जूनला, जेफरसनने वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब याला पत्र लिहून आपली कल्पना सांगितली. एकच भव्य इमारत बांधली तर सगळा पैसा तिच्यातच जाईल. त्यापेक्षा सुमारे सात-आठशे फुटांचा चौरस आखू, त्याच्या कडांनी प्रत्येक प्राध्यापकाचे वेगळे घर बांधू. खाली वर्ग, वर प्राध्यापकाच्या खोल्या, आणि दोन घरांच्या मध्ये विद्यार्थ्यांच्या एकमजली खोल्यांची रांग.

मग 18 जुलैची मोजणी झाली आणि चौरस मोडला. लॅट्रोबला 3 ऑगस्टला पाठवलेल्या पत्रात जेफरसनने कारण दिले आहे. जागा म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जाणारा अरुंद डोंगरकणा. समोरासमोरच्या दोन रांगांमध्ये पूर्व-पश्चिम रुंदी मिळते ती फक्त 200 फूट. लांबीत मात्र प्रत्येकी 255 फुटांचे तीन टप्पे पडतात, प्रत्येक टप्पा वरच्यापेक्षा सुमारे तीन फूट खाली. तीन गुणिले 255 म्हणजे 765. म्हणजे सात-आठशे फुटांची लांबी टिकली, रुंदी गेली. जमिनीच्या कायद्यापुढे आराखड्याने नमते घ्यायचे, असा त्या पत्राचा भाव आहे. आज ज्या ‘लॉन’ची कीर्ती जगभर आहे, त्याचा लांबट, पायरी-पायरीने उतरणारा आकार हा असा, डोंगरकण्याच्या रुंदीतून आला. लॅट्रोबने 24 जुलैच्या पत्रात उत्तर टोकाला मध्यभागी घुमटाची मोठी इमारत सुचवली. टिपणातला राखून ठेवलेला ‘अ’ बिंदू तिच्यासाठी तयारच होता. तिथेच पुढे रोटुंडा उभा राहिला.

तारखा ओळीने मांडल्या की मंजुरीचा प्रश्न उघडा पडतो. मेच्या सभेने इमारत बांधायला तत्त्वतः होकार दिला होता, पण तेव्हा डोळ्यांपुढे होता तो चौरस. मोजणी 18 जुलैला झाली. दुसऱ्याच दिवशी, 19 जुलैला, जेफरसनने सहविश्वस्त जॉन हार्टवेल कॉक याला कळवले की चौक आखून झाले, विटांचे काम सुरू झाले आणि आठवडाभरात सपाटीकरणाला हात लागेल. विश्वस्तांची पुढची सभा मॅडिसनच्या घरी झाली ती 28 जुलैला. पहिल्या इमारतीचा आराखडा आणि तिच्याबाबत आजवर झालेली कार्यवाही त्या सभेपुढे ठेवली गेली आणि मान्य झाली. झालेली कार्यवाही, हे शब्द महत्त्वाचे. खुंट्या ठोकून दहा दिवस झाल्यावर ठराव आला. आपल्याकडे अशा मंजुरीला कार्योत्तर म्हणतात. ती देताना विश्वस्तांपैकी कुणी कुरकुर केल्याचे इतिवृत्तात दिसत नाही. एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ज्याने दोरी ताणली तोच सभेचा कर्ता होता आणि बाकीचे त्याचे जुने स्नेही होते.

6 ऑक्टोबर 1817 ला कोनशिला बसली. मन्रो, मॅडिसन, जेफरसन तिघेही हजर होते.

खरी परीक्षा त्यापुढची होती. राज्याने विद्यापीठ काढायचे ठरवले आणि जागा सुचवण्यासाठी 24 जणांचे आयुक्तमंडळ नेमले. 1 ऑगस्ट 1818 ला ब्लू रिज डोंगरातल्या रॉकफिश गॅप इथल्या एका खाणावळीत 21 जण जमले. दावेदार तीन: लेक्सिंग्टन, स्टॉन्टन आणि शार्लट्सव्हिलजवळचे सेंट्रल कॉलेज. अहवाल जेफरसनच्याच लेखणीचा. त्यात सेंट्रल कॉलेजने देऊ केलेल्या मालमत्तेची जंत्री आहे. एक तुकडा 47 एकरांचा, त्यावर इमारती सुरू झालेल्या. शेजारचा 153 एकरांचा, त्यात भावी वेधशाळेला सोयीची टेकडी. शिवाय चर्चच्या राखीव जमिनींच्या विक्रीतून आलेली रक्कम आणि लोकांनी सही करून कबूल केलेली 41,248 डॉलरची वर्गणी.

खतात 43¾, अहवालात 47. खताची बेरीज 196¾, अहवालाची नेमकी 200. सव्वातीन एकरांचा फरक थोडा नाही, आपल्या मापात तो 130 गुंठे होतो. पण कागद कुणासाठी लिहिला ते पाहिले की या फरकाचे वजन कळते. खतावर पैसे मोजले जातात, तिथे पाव एकराचाही हिशेब होतो. अहवाल आयुक्तांचे मन वळवायला लिहिला जातो, तिथे दोनशे ही गोळीबंद संख्या शोभते. हद्दीचा प्रश्न असेल तर खत प्रमाण मानावे. अहवालातला आकडा दावेदाराचा आहे. ‘शेजारचा’ हा शब्दही जरा सैलच होता, कारण दोन तुकडे एकमेकांना लागून नव्हते आणि मधली जमीन विद्यापीठाला पुढे पेरीकडूनच विकत घ्यावी लागली.

निवड मात्र एकरांवर झाली नाही. अहवाल म्हणतो की तिन्ही जागांची हवा निरोगी, तिन्हींची जमीन सुपीक. मग फरक उरला तो मध्यवर्तीपणाचा. जेफरसन त्यासाठी तयारीने आला होता. राज्याच्या लोकवस्तीचा मध्य कुठे पडतो ते त्याने नकाशावर रेघा ओढून दाखवले. मते पडली: शार्लट्सव्हिलला 16, लेक्सिंग्टनला 3, स्टॉन्टनला 2. पुढे 25 जानेवारी 1819 ला कायदा झाला आणि सेंट्रल कॉलेजचे व्हर्जिनिया विद्यापीठ झाले.

पण अहवालात लोकवस्ती या शब्दाआधी एक विशेषण आहे. मध्य काढला तो राज्यातल्या गोऱ्या लोकवस्तीचा. हे काही आडून लिहिलेले नाही, सरळ लिहिले आहे. ज्या राज्यात गुलाम म्हणून राबणाऱ्यांची संख्या लाखांत होती, तिथे मध्य काढताना त्यांना वगळून रेघ ओढली गेली.

इथे पुन्हा बेकनच्या त्या दहा माणसांकडे यावे लागते. शेत सपाट करायचे म्हणजे तीन-तीन फुटांचे टप्पे कुदळीने कापायचे, माती उपसायची, खालच्या बाजूला भरायची. लॅट्रोबला लिहिलेल्या पत्रात जो उतार दोन ओळींत संपतो, तो कुणीतरी पाठीवर वाहिला. ते काम गुलामांकडून करून घेतले गेले, हे विद्यापीठाने स्वतःच्या इतिहासाच्या तपासणीत मान्य केले आहे. सुतळी कुठून आणली ते बेकनला आठवते, खुंट्या कुणी तासल्या तेही आठवते, दुकानदाराचे नावही आठवते. माणसांची मात्र तो संख्या सांगतो. दहा.

2020 मध्ये विद्यापीठाच्या आवारात गुलाम मजुरांचे स्मारक पूर्ण झाले. दगडी वर्तुळाच्या आतल्या भिंतीवर, तिथे राबलेल्या अंदाजे चार हजार माणसांसाठी, एकेक आडवी खाच कोरली आहे. ज्यांचे नाव मिळाले, त्यांच्या खाचेवर नाव आहे. काहींचे नाव नाही, फक्त काम किंवा नाते सापडले, तिथे तेवढेच लिहिले आहे. बाकीच्या खाचा तशाच, कोऱ्या. रोटुंडाच्या पायऱ्यांवरून उतरून त्या वर्तुळापर्यंत चालत जाता येते.