मॉनिटरची कुळकथा

पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या आसपास, वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा म्हटली की बहुतेक वेळा दोन गुरुजी आणि चार इयत्ता. गुरुजी चौथीला भागाकार समजावत असले की पहिलीची पोरं एखाद्या मोठ्या मुलीच्या हवाली होतात. ती पाटीवर ‘ग’ काढून देते, धाकट्याचा हात धरून गिरवून घेते, काठी वाकडी गेली की बोटाने पुसून पुन्हा काढायला लावते. वर्गात तिला मॉनिटर म्हणतात. या मॉनिटरचं कूळ फार जुनं आहे आणि ते आपल्याच देशातलं आहे.

जुन्या काळी पंतोजींची शाळा देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर भरे. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने त्यात अक्षर काढायचं. चुकलं तर फळी हलवली की पाटी कोरी. हात बसल्यावरच बोरू आणि शाई मिळे, कारण कागद महाग. पोरं सगळ्या वयांची आणि शिकवणारा एकटा. म्हणून मोठ्यांनी पाढे सांगायचे आणि धाकट्यांनी मागून म्हणायचे, ही रीत आपोआपच पडली.

मद्रासजवळ एग्मोरला सैनिकांच्या मुलांसाठी एक अनाथाश्रम होता. 1789 पासून त्याचा कारभार अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे होता. जवळच्या एका मलबारी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्याने पाहिली. त्याच्या आश्रमातल्या मास्तरांना ते पटेना, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठेक वर्षांच्या मुलालाच मुळाक्षरांच्या वर्गावर नेमलं. प्रयोग साधला. 1797 मध्ये बेलने तो लंडनमध्ये छापला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये त्याच धर्तीची शाळा काढली. एका मास्तरावर शेकडो मुलं सांभाळता येतात म्हटल्यावर सरकारं आणि दानशूर मंडळी हरखली, कारण खर्च वाचत होता.

आयर्लंडने ही पद्धत मनावर घेतली. तिथे पूर्वी कॅथलिकांना शिकवण्याची कायद्याने बंदी होती, तेव्हा कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात चोरून शाळा भरत. पुढे 1811 मध्ये डब्लिनला स्थापन झालेल्या किल्डेअर प्लेस सोसायटीने लँकेस्टरची पद्धत स्वीकारून शिक्षक तयार केले. 1831 मध्ये सरकारी राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या आणि पुढे त्यांत पगारी मॉनिटरही आले.

आपल्याकडे 1822 मध्ये मुंबईत एतद्देशीयांसाठी शाळा आणि शाळापुस्तकं काढणारी मंडळी उभी राहिली. एल्फिन्स्टन गव्हर्नर होता आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस मंडळीचा चिटणीस. त्यांनीही लँकेस्टरचीच पद्धत धरली. तीत तयार झालेले चोवीस शिक्षक 1826 मध्ये जिल्ह्यांत गेले. ओसरीवरची रीत अशी विलायतेचा फेरा करून, सरकारी शिक्का घेऊन घरी परतली.

त्या ओसरीवर सगळ्यांना जागा मात्र नव्हती, हे सांगितल्याशिवाय कुळकथा खरी होत नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. कोकणातल्या महार कुटुंबांत अक्षर शिरलं ते मोठ्या प्रमाणात पलटणीच्या शाळांतून. गावच्या मॉनिटरचा हात या पोरांपर्यंत पोचलाच नव्हता.

मोठ्याने धाकट्याला शिकवणं चांगलंच. शिकवणाऱ्याचंही त्यात पक्कं होतं. पण बेलपासून आजवर सरकारांना ही रीत आवडली ती मुख्यतः शिक्षकाचा पगार वाचतो म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. चौथीतली मुलगी गुरुजींच्या मदतीला असावी, त्यांच्या जागी नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि 60 पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक द्यावेत, असं तो सांगतो. तरीही 2023 मध्ये महाराष्ट्रात वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा निघाली. डोंगरातल्या वाडीवरून सहा वर्षांच्या पोराने पावसाळ्यात ओढा ओलांडून तिथे जायचं कसं, याचं उत्तर आधी हवं.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या प्रत्येक पालकाने जूनच्या पहिल्याच बैठकीत विचारावं, की मंजूर पदं किती आणि भरलेली किती. पद रिकामं असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.